अणुग्रस्तांचा हिशेब कोण ठेवणार?

महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात 'ग्रस्त' या शब्दाने शेवट होणारी एक लांबलचक यादी आहे. धरणग्रस्त, पूरग्रस्त, भूकंपग्रस्त, दुष्काळग्रस्त, प्रकल्पग्रस्त. यांतील बहुतेक शब्द सरकारी कागदावर रूढ होण्यापूर्वी माणसांना मोर्चे काढावे लागले, तुरुंगात जावे लागले, आणि कित्येकदा एक संपूर्ण पिढी त्यात खर्ची पडली. शब्द मिळाला म्हणजे न्याय मिळाला असे होत नाही. पण शब्द मिळाल्याखेरीज कचेरीच्या खिडकीपाशी उभेही राहता येत नाही. या यादीत 'अणुग्रस्त' हा शब्द अद्याप आलेला नाही. तो कधीही येऊ नये, अशीच कुणाचीही इच्छा असणार. तथापि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने अणुऊर्जेसंबंधीचा जो नवा कायदा संमत केला, त्यानंतर या शब्दाचा विचार पुढे ढकलणे आपल्याला परवडणारे नाही.

'शांती' या लघुनामाने ओळखला जाणारा हा कायदा १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा अणुहानीच्या नागरी दायित्वाचा कायदा या दोहोंची जागा घेण्यासाठी करण्यात आला. अणुवीज केंद्रे उभारण्याचे आणि चालविण्याचे दार त्याने खासगी कंपन्यांना उघडून दिले. अपघात झाल्यास केंद्रचालकाने द्यावयाच्या भरपाईवर त्याने अणुभट्टीच्या आकारमानानुसार मर्यादा घातली. सर्वांत मोठ्या भट्ट्यांसाठी ही मर्यादा ३,००० कोटी रुपये आहे, तर अगदी लहान भट्ट्यांसाठी १०० कोटी रुपये. सदोष यंत्रसामग्री पुरविणाऱ्या कंपनीकडून भरपाईची रक्कम वसूल करण्याचा जो हक्क २०१० च्या कायद्याने चालकाला दिला होता, तो आता करारात तसे कलम लिहून घेतले असेल तरच उरतो. मर्यादेपलीकडचा भार सरकारने, म्हणजे करदात्याने, उचलावयाचा.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या रचनेचा अर्थ समजण्यास वेळ लागत नाही. नफ्याला वरची मर्यादा नाही, जोखमीला मात्र आहे. पण मर्यादा घातल्याने नुकसान कमी होत नाही. ते एका वहीतून दुसऱ्या वहीत लिहिले जाते, इतकेच. ही दुसरी वही कुणाची, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. भट्टी किती सुरक्षित, युनिटमागे खर्च किती, या प्रश्नांची चर्चा तज्ज्ञ करीत असतात आणि ती व्हावयासच हवी. परंतु अपघातानंतर जो माणूस घराला कुलूप लावून निघतो, त्याच्या आयुष्याचे पुढे काय होते, हे त्या चर्चेत क्वचितच येते.

दोन-तीन दिवसांची गोष्ट

चेर्नोबिलचा स्फोट २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे झाला. शेजारच्या प्रिप्यात शहरातील सुमारे ४९,००० लोकांना दुसऱ्या दिवशी दुपारी बसगाड्यांत बसविण्यात आले. तीन दिवसांपुरते सामान घ्या, असे त्यांना सांगण्यात आले होते. ते शहर आज चाळीस वर्षांनंतरही निर्मनुष्य आहे. सोव्हिएत राजवटीत माहिती दडविली गेली, लोकशाही देशात असे होणार नाही, असे त्या वेळी म्हटले गेले. पंचवीस वर्षांनी जपानमध्ये, तंत्रज्ञानात आणि शिस्तीत जगाने ज्याचे कौतुक करावे अशा देशात, लोक तसेच दोन-तीन दिवसांच्या बोलीवर घराबाहेर पडले.

११ मार्च २०११ रोजी भूकंप आणि त्सुनामी यांनी फुकुशिमा दाइइची केंद्राचा वीजपुरवठा तोडला, भट्ट्या थंड ठेवणे अशक्य झाले. त्या रात्री तीन किलोमीटरच्या आतील लोकांना निघावयास सांगितले गेले, दुसऱ्या दिवशी पहाटे दहा किलोमीटर आणि संध्याकाळी वीस किलोमीटर. एका दिवसात रेषा तीनदा सरकली. किरणोत्सारी द्रव्य वाऱ्याबरोबर कुठे जाईल याचे अंदाज बांधणारी यंत्रणा सरकारपाशी होती. तिचे निष्कर्ष लोकांपर्यंत वेळेवर पोहोचलेच नाहीत. नामिए गावचे लोक त्सुशिमा नावाच्या डोंगराळ भागात आश्रयाला गेले आणि तोच भाग वाऱ्याच्या वाटेत होता. इइताते हे खेडे तर तीस किलोमीटरच्या रेषेबाहेर होते. तेथे सुरुवातीला इतर गावचे निर्वासित येऊन राहिले. त्या गावालाच उठविण्याचा निर्णय एप्रिलच्या अखेरीस झाला. तोवर महिन्याहून अधिक काळ मुले-माणसे त्या हवेत वावरत होती.

निर्वासितांची संख्या पुढे दीड लाखाच्या वर गेली. पहिल्या काही महिन्यांत चार-पाच वेळा जागा बदलाव्या लागल्या अशी कुटुंबे पुष्कळ. आधी शाळेची व्यायामशाळा, तेथे पुठ्ठ्याच्या आडोशाने केलेली 'खोली'. मग नातेवाइकांचे घर. मग सरकारी तात्पुरती घरे, सुमारे तीस चौरस मीटरची, पातळ भिंतींची. ही घरे दोन वर्षांसाठी होती. त्यांची मुदत वर्षावर्षाने वाढत राहिली. फुताबा गावची तर संपूर्ण कचेरीच दूर साइतामा प्रांतातील एका बंद पडलेल्या शाळेत हलविली गेली. त्या गावचा एक भाग राहण्यासाठी खुला झाला तो ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस, म्हणजे साडेअकरा वर्षांनी.

आपल्या शेतकरी वाचकांना एक गोष्ट विशेष लक्षात येईल. फुकुशिमाचा तो पट्टा भातशेतीचा आणि दुभत्या जनावरांचा होता. घाईने निघालेल्या लोकांची जनावरे दावणीलाच राहिली. पुष्कळ उपासमारीने मेली, आणि मे २०११ मध्ये वीस किलोमीटरच्या आतील उरलेली जनावरे मारून टाकण्याचा आदेश निघाला. त्याच महिन्यात लोकांना घरी एक फेरी मारण्याची परवानगी मिळाली. अंगभर संरक्षक पोशाख, दोन तासांची मुदत आणि सामानासाठी प्लास्टिकची एक पिशवी. त्या पिशवीत काय घालावे? देव्हाऱ्यातील पूर्वजांच्या पाट्या, जमिनीचे कागद, मुलांची छायाचित्रे. शेतातील मातीचा वरचा सुमारे पाच सेंटिमीटरचा थर पुढे खरवडून काळ्या पिशव्यांत भरण्यात आला. जी माती सकस करण्यासाठी घराण्याच्या पिढ्या राबल्या, ती आता विल्हेवाट लावावयाचा कचरा ठरली. ही सगळी माती २०४५ पर्यंत प्रांताबाहेर नेऊ, असे सरकारचे वचन आहे.

धरणग्रस्ताचे गाव पाण्याखाली जाते. ते दुःख मोठे खरे, पण त्याला शेवट असतो. अणुग्रस्ताचे घर उभे असते, अंगणातले झाड फळते, आणि तो मात्र तेथे राहू शकत नाही. परत जाऊ की नाही, नव्या गावी मुळे धरावी की नाही, हे वर्षानुवर्षे ठरत नाही. या ताटकळण्यातच घरे फुटली. नोकरीसाठी नवरा तेथे, मुलांच्या काळजीने बायको दुसऱ्या प्रांतात, म्हातारी माणसे तात्पुरत्या घरांत एकटी. योकोहामाला गेलेल्या एका मुलाचा केवळ 'फुकुशिमाचा' म्हणून शाळेत छळ झाला आणि त्याच्याकडून पैसे उकळण्यात आले, ही हकिकत २०१६ मध्ये उघडकीस आली तेव्हा जपानी समाजाला मान खाली घालावी लागली.

भरपाईची रेषा

टोकियो इलेक्ट्रिक पॉवर कंपनीने निर्वासितांना मानसिक यातनांबद्दल माणशी दरमहा एक लाख येन देण्याचे ठरले. ही रक्कम कुणाला, किती काळ, हे सरकारने नकाशावर आखलेल्या रेषेवरून ठरले. रेषेच्या आतला आणि बाहेरचा यांच्यात कधीकधी एका रस्त्याचे अंतर होते. एकाला भरपाई, दुसऱ्याला जवळजवळ काही नाही. परिणामी ज्यांनी मिळून कंपनीला जाब विचारावयाचा, ते शेजारीच एकमेकांकडे संशयाने पाहू लागले. सरकारी आदेशाची वाट न पाहता मुलांना घेऊन निघालेल्या लोकांना 'स्वेच्छेने गेलेले' ठरविण्यात आले आणि त्यांच्या मोफत घरांची सोय मार्च २०१७ मध्ये संपविली गेली. टप्प्याटप्प्याने गावे राहण्यास योग्य म्हणून जाहीर झाली आणि त्यापाठोपाठ त्या गावच्या लोकांची मासिक रक्कम बंद झाली. योग्यतेचा निकष कोणता? वर्षाला २० मिलिसिव्हर्टपर्यंतचा किरणोत्सार. सामान्य नागरिकासाठी एरवी जी मर्यादा मानली जाते ती १ मिलिसिव्हर्टची आहे. ज्यांना हा निकष मान्य नव्हता त्यांच्यापुढे दोनच वाटा उरल्या: परत जा, नाही तर स्वतःच्या पैशाने बाहेर राहा. २०२५ मध्येही वीस हजारांहून अधिक माणसे अधिकृतपणे निर्वासित होती. हिशेबातून गळलेली वेगळीच.

आता आकड्यांकडे वळू. भरपाई, स्वच्छता आणि भट्ट्या मोडीत काढणे यांचा एकूण खर्च जपान सरकारने २०१६ मध्ये २१.५ लाख कोटी येन धरला होता. पुढे तो आणखी वाढला. येन म्हणजे अर्धा रुपया एवढाच धरला तरी हा आकडा दहा लाख कोटी रुपयांच्या पुढे जातो. आपल्या कायद्यातील चालकाच्या सर्वोच्च मर्यादेच्या तो साडेतीनशे पटींहून अधिक आहे. जपानच्या कायद्यात चालकाच्या दायित्वाला मर्यादा नव्हती, तरीही कंपनी या ओझ्याखाली वाकली आणि २०१२ मध्ये सरकारला तिच्यात एक लाख कोटी येन घालून ती ताब्यात घ्यावी लागली. जून २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सरकारला दायित्वातून मुक्त केले. जेथे मर्यादा नाही तेथे ही अवस्था. मर्यादा घालूनच जेथे आरंभ होतो तेथे निर्वासिताच्या पदरी काय पडेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

आणखी एक तपशील विसरता कामा नये. फुकुशिमा दाइइचीची वीज फुकुशिमासाठी नव्हती. ती टोकियोला जात होती.

आपल्या घरचा अनुभव

हे वाचताना मराठी वाचकाला मुळशी आठवणे अपरिहार्य आहे. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी जो सत्याग्रह केला, तो ज्या धरणाविरुद्ध होता त्याची वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. जमीन एकाची आणि उजेड दुसऱ्याचा, हा व्यवहार पुणे जिल्ह्याला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. तंत्रज्ञानाच्या अपघाताने बेघर होणे म्हणजे काय, हेही पुण्याला ठाऊक आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे फुटले आणि नदीकाठचे पुणे वाहून गेले. त्या पूरग्रस्तांसाठी ज्या वसाहती झाल्या, त्यांतील घरांच्या मालकीहक्काचा प्रश्न अनेक दशके लोंबकळत राहिला. राज्याची जुनी राजधानी, वृत्तपत्रे हाताशी, पुढारी शेजारी, आणि तरीही ही गत.

मी ज्या पाटस गावी राहतो ते दौंड तालुक्यात, पुणे-सोलापूर रस्त्यावर आहे. विस्थापितांची दुसरी बाजू, म्हणजे त्यांना सामावून घेणाऱ्या गावांची बाजू, आमच्या भागाला चांगली परिचित आहे. जिल्ह्यातील धरणांच्या विस्थापितांना लाभक्षेत्रात म्हणून ज्या जमिनी दिल्या गेल्या, त्यांत दौंड आणि शिरूर हे तालुके येतात. येणाऱ्याला जमीन मिळते ती कधी खडकाळ, कधी पाण्याविना, कधी कागदावरच. आणि ज्याची जमीन त्यासाठी घेतली जाते, त्याच्या सातबाऱ्यावर पुनर्वसनाचा शेरा बसतो व तो वर्षानुवर्षे निघत नाही. दोघेही नाडलेले, आणि भांडण मात्र दोघांचे आपसात. डॉ. बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धरणग्रस्तांची जी चळवळ उभारली, तिने 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही घोषणा दिली ती याच अनुभवातून. त्या चळवळीच्या रेट्यामुळे १९७६ मध्ये महाराष्ट्राला पुनर्वसनाचा कायदा करावा लागला.

अणुविजेचे आपले केंद्र तारापूरला आहे. त्याच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ पासूनच्या, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या, आणि फुकुशिमाच्या भट्ट्यांप्रमाणेच उकळत्या पाण्याच्या जातीच्या. पुढे तिसऱ्या व चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठविण्यात आली. कोणताही अपघात न होता, सवडीने, नियोजनपूर्वक झालेले हे स्थलांतर. तरीही समुद्रावर जगणारी मच्छिमार कुटुंबे किनाऱ्यापासून दूर वसविली गेली आणि पुनर्वसनाचा वाद न्यायालयापर्यंत पोहोचला. शांततेच्या काळात दोन गावांचे पुनर्वसन ज्या व्यवस्थेला धडपणे करता आले नाही, ती एका रात्रीत शेकडो गावे कशी हलविणार? आपल्याकडे आणीबाणीच्या योजनेचे क्षेत्र सोळा किलोमीटरचे धरले जाते. इइताते याच्या दुप्पट अंतरावर होते. तारापूरच्या सोळा किलोमीटरमध्ये बोईसरची औद्योगिक वसाहत येते, परप्रांतातून आलेले हजारो कंत्राटी कामगार येतात, आदिवासी पाडे येतात. जैतापूरच्या प्रकल्पाला विरोध करणाऱ्या साखरी नाटे येथील मच्छिमारांवर १८ एप्रिल २०११ रोजी गोळीबार झाला आणि त्यात एक जण ठार झाला. फुकुशिमाला तेव्हा जेमतेम सव्वा महिना झाला होता. त्या लोकांना 'अडाणी' म्हणणाऱ्यांनी त्यांचा प्रश्न मात्र ऐकून घेतला नाही.

पाटसचा या सगळ्याशी काय संबंध, असे कुणी विचारील. तारापूर येथून सरळ रेषेत सुमारे अडीचशे किलोमीटरवर आहे. फुकुशिमाच्या संकटात मार्च २०११ अखेर जपानच्या पंतप्रधानांसाठी जो अतिवाईट परिस्थितीचा अंदाज तयार केला गेला होता, त्यात लोकांना स्थलांतराची मुभा द्यावी लागेल असे अंतर अडीचशे किलोमीटर धरले होते. सुदैवाने ती वेळ आली नाही. माझा रोख घबराट पसरविण्याचा नाही. पश्चिमेकडे असे काही घडले तर लोंढे ज्या रस्त्याने पूर्वेला येतील त्यावर आमची गावे आहेत, आणि त्या लोंढ्यांना पाणी, शाळा, दवाखाना पुरविण्याची कोणतीही योजना एकाही ग्रामसभेपुढे आलेली माझ्या ऐकिवात नाही. लहान प्रमाणावर असे प्रसंग येथे घडलेले आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये जवळच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात रात्री मोठी आग लागली आणि आसपासच्या लोकांना घरे सोडून निघावे लागले. ती एका रात्रीची गोष्ट होती. ती एका वर्षाची झाली असती तर?

आणि अशा वेळी भरपाईच्या यादीत कोण असेल? ज्याच्या नावावर घर आणि सातबारा आहे तो. दर हंगामात मराठवाड्यातून आमच्या भागात येणारी, उसाच्या फडाशेजारी कोपीत राहणारी ऊसतोड कुटुंबे त्या यादीत नसतील. बोईसरचा कंत्राटी कामगार नसेल, मासळी विकणारी बाई नसेल. जपानमध्ये रेषेने माणसे वगळली. आपल्याकडे रेषेच्या आतही कागद माणसे वगळील.

एका आक्षेपाचे उत्तर

अणुविजेचे समर्थक एक मुद्दा मांडतात आणि तो टाळता येण्याजोगा नाही. ते म्हणतात, फुकुशिमात किरणोत्साराने जवळजवळ कुणीच मेले नाही. माणसे मेली ती स्थलांतराच्या धावपळीने. वस्तुस्थिती बरीचशी तशीच आहे. फुताबा रुग्णालयातून हलविलेल्या वृद्ध रुग्णांपैकी चाळीसहून अधिक जण दगावले, आणि फुकुशिमा प्रांतात आपत्तीच्या अप्रत्यक्ष परिणामांनी झालेले मृत्यू २,३०० हून अधिक नोंदले गेले आहेत. तेथे भूकंप आणि त्सुनामीने प्रत्यक्ष घेतलेल्या बळींपेक्षा ही संख्या मोठी आहे. कोळशाच्या विजेनेही माणसे मरतात, हवेतून आणि खाणीतून, हेही मान्य करावयास हवे.

परंतु यावरून निघणारा निष्कर्ष समर्थकांना वाटतो त्याच्या उलट आहे. स्थलांतर हा अपघाताचाच भाग आहे. पुढे किती किरणोत्सार होईल हे त्या रात्री कुणालाच माहीत नसते. म्हणून लोकांना हलवावे लागते. त्या हलविण्याने झालेले मृत्यू 'घबराटी'च्या नावे मांडून भट्टीचा हिशेब स्वच्छ ठेवणे ही शुद्ध लबाडी होय. भोपाळमध्ये १९८४ च्या डिसेंबरात उरलेला वायू निकामी करण्यासाठी कारखाना पुन्हा चालविला गेला, तेव्हा सारे काही सुरक्षित असल्याचे सांगूनही लाखो लोक शहर सोडून गेले. ज्यांनी एकदा विश्वास ठेवून घरची माणसे गमावली, त्यांच्या पलायनाला अज्ञान म्हणता येत नाही. स्थलांतर जर किरणोत्साराहून घातक ठरत असेल, तर त्याची तयारी भट्टीइतक्याच काटेकोरपणे आणि भट्टीच्याच खर्चात झाली पाहिजे. तो खर्च धरल्यावर जी वीज स्वस्त ठरेल ती खुशाल घ्यावी.

कार्यकर्त्यांपुढील काम

यासाठी आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. पहिली, कोणत्याही अणुवीज केंद्राला परवाना देण्यापूर्वी स्थलांतर आणि पुनर्वसन यांची योजना किमान तीस किलोमीटरच्या परिघासाठी, लोकांच्या भाषेत, ग्रामसभांपुढे मांडली जावी. आश्रय देणाऱ्या गावांची नावे, पाण्याची आणि चाऱ्याची सोय तीत असावी. दुसरी, भरपाई सातबाऱ्यावर न देता माणशी द्यावी. भूमिहीन, मच्छिमार, कंत्राटी आणि हंगामी कामगार तीत यावेत. तिसरी, ती सरकारी आदेश उठेपर्यंत नव्हे, तर माणसाची उपजीविका पुन्हा उभी राहीपर्यंत चालू राहावी, आणि परत न जाण्याचा हक्क तीत मान्य व्हावा. चौथी, चालकाच्या दायित्वावरील मर्यादा काढून टाकावी व विकलेल्या प्रत्येक युनिटमागे ठरावीक रक्कम स्वतंत्र निधीत जमा व्हावी. पाचवी, नव्या कंपन्यांना दार उघडण्यापूर्वी अक्करपट्टी आणि पोफरण येथील लोकांचे शिल्लक दावे निकालात काढावेत.

यांपैकी काही मागण्या दिल्लीत ठरावयाच्या आहेत, आणि त्यांना वेळ लागेल. एक काम मात्र गावातच सुरू करता येईल. धोकादायक रसायनांच्या कारखान्यांसाठी कारखान्याबाहेरच्या आणीबाणीची योजना जिल्हा प्रशासनाने तयार ठेवावी, असे १९८९ चे आणि १९९६ चे नियम सांगतात. कुरकुंभ असो, बोईसर असो वा अन्य कोणतीही वसाहत, आसपासच्या गावांतील कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत ती योजना मागावी, मोठ्याने वाचून घ्यावी, आणि प्रत्येक वस्तीपुरते विचारावे: भोंगा वाजला तर आम्ही कोणत्या रस्त्याने, कोणत्या गाडीने, कुठे जावयाचे, तेथे आमची वाट कोण पाहत असेल, आणि आमच्या गोठ्यातल्या जनावरांना कोण सोडणार? मिळालेली उत्तरे ठरावाच्या वहीत लिहून घ्यावीत. उत्तर मिळाले नाही, तर तेही लिहावे.